बिअरमध्ये रातांबे

मे सरत आला की रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांवर खळ्यात रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, ढीग पडतात. फळं फोडायची, बिया आणि गर बाजूला काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायची. सुकली की पुन्हा रस, पुन्हा ऊन. पाऊस यायच्या आत हे सगळं उरकायचं, ही त्यातली खरी मारामारी. यातून आमसुलं होतात, खारवलेलं आगळ होतं, साखर घातली की अमृत कोकम. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच कोकमाची बिअर होईल असं मात्र खळ्यात वाकून सालं उलटणाऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसावं. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सच्या डोक्यात आलं. त्यांची ‘सॉल्टेड कोकम एल’ म्हणजे नावाप्रमाणेच मीठ आणि कोकम घातलेली बिअर.

ऐकून कोकणी माणूस आधी नाक मुरडेल. पण खारट-आंबट बिअर ही काही कालची टूम नव्हे. जर्मनीतल्या गोस्लार गावची म्हणून ओळखली जाणारी ‘गोझ’ मीठ, धणे आणि जिवाणूंनी आणलेला आंबटपणा यांच्यावरच उभी आहे. पुढे ती लाइपझिगमध्ये रुजली, १९६६ मध्ये तिथली शेवटची भट्टीही थंडावली आणि १९८० च्या दशकात तिला पुन्हा दिवस आले. बेल्जियमची गव्हाची बिअर धणे आणि संत्र्याच्या सालीशिवाय होत नाही. बिअर म्हणजे जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही, हा दंडक बव्हेरियाने १५१६ मध्ये घातला. तो जगाने कधी पाळला नाही. गंमत म्हणजे त्या फर्मानात यीस्टचा उल्लेखच नाही, कारण बिअर नेमकी कोण फसफसवतं हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग प्रश्न उरतो तो इतकाच, की रत्नागिरीच्या परसात जे पिकतं त्यातलं काय बिअरमध्ये टिकतं आणि काय वाया जातं.

कोकम टिकतं. बिअरमधला आंबटपणा साधारणपणे लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंकडून करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि चुकीचे जिवाणू शिरले तर सगळं ओतून द्यावं लागतं. कोकमाच्या सालीत आम्ल तयारच असतं. यीस्ट साखर खातं, हे आम्ल बहुतांशी तसंच सोडतं. रंगाचंही तेच. कोकमाचा लाल रंग ज्या द्रव्यांचा आहे ती आंबट द्रवात लालभडक राहतात आणि आम्लता कमी झाली की फिकी, जांभळट होतात. आंबट बिअर त्यांना मानवते.

घोटाळा होतो तो आगळात. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ सढळ हाताने घातलेलं असतं. गोझसारख्या बिअरला लिटरमागे ग्रॅमभर मीठ पुष्कळ झालं. हवा तेवढा आंबटपणा आगळातूनच आणायचा म्हटलं, तर तोवर बिअर खारट होऊन बसते. म्हणून बिनमिठाचा रस किंवा सुकी सालं घ्यायची आणि मीठ वेगळं, मोजून घालायचं. बाजारातल्या कोकम सरबताची बाटली तर आधी उलटी करून लेबल वाचावी. सोडियम बेंझोएट छापलेलं असेल, तर जे द्रव्य सरबत आंबू देत नाही तेच यीस्टचंही काम अडवणार.

हे प्रयोग रत्नागिरीतल्या स्वयंपाकघरात मात्र करता येत नाहीत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे आणि त्यात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. ‘घरच्यापुरती’ ही सबब तिथे चालत नाही. कोकणाला असे निर्बंध नवे नाहीत. माडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर सरकारने मद्यावरची पकड आणि झाडांवरचा कर असा आवळला की अनेकांच्या चुली त्यात विझल्या. त्या मानाने अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेला कायदा उदार म्हणायचा: घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरहून अधिक बिअर घरच्या वापरासाठी केंद्रीय कर न भरता करता येते. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच काढून टाकला. महाराष्ट्रात ही वाट उघडली ती परवानाधारक मायक्रोब्रुअरींच्या रूपाने. पुण्यात डूलॅली २००९ मध्ये सुरू झाली आणि तिथून पुढे छोट्या भट्ट्यांचं पेव फुटलं. तेव्हा रत्नागिरीच्या चिजांची परीक्षा आज एकतर पुण्या-मुंबईच्या परवाना असलेल्या भट्टीत होते, नाहीतर न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराच्या तळघरात.

परीक्षा छोट्या घाण्यावरच घ्यायची असते. अमेरिकेतले हौशी लोक एरवी एका वेळी १९ लिटर बिअर करतात. नवी वस्तू घालायची असेल तेव्हा चार लिटरच्या काचेच्या बरणीवर उतरतात. माल्ट गरम पाण्यात मुरवून काढलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, एकदाच उकळायचं आणि तीन-चार बरण्यांत वाटून टाकायचं. एक बरणी साधी ठेवायची. ती नसेल तर चव नव्या वस्तूने आणली की यीस्टने, हे कधीच कळत नाही.

मसाल्यासाठी याहूनही स्वस्त युक्ती आहे. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ घ्या. त्याचं काळं बी फेकून द्यायचं, वास आणि जिभेला येणाऱ्या मुंग्या सगळ्या सालात. ती सालं थोड्या वोडकात काही दिवस बुडवून ठेवायची. मग तयार बिअरचे शंभर-शंभर मिलिलिटरचे पेले ओळीने मांडायचे आणि सुई नसलेल्या सिरिंजने एकात पाव मिलिलिटर, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात एक असा अर्क सोडायचा. अर्ध्याचा पेला जमला, तर चार लिटरला वीस मिलिलिटर. तिरफळ जास्त झालं तर पुढचा घोट पिणाऱ्याला चवच लागत नाही, ओठ बधिर होतात. ही चूक पेल्यात झालेली परवडते, पिंपात नाही.

आता हापूस. सगळ्यांना आधी सुचतो तो हाच आणि सगळ्यात जास्त निराशाही यानेच होते. परदेशातल्या इंडियन स्टोअरमध्ये हापूसच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा मिळतो. तो निर्जंतुक केलेला असतो, त्यामुळे प्रयोगाला सोयीचा. पण चार लिटर बिअरमध्ये असा अख्खा डबा ओतला, तर यीस्ट त्यातली साखर झाडून सगळी खातं. मद्याचं प्रमाण टक्का-दोन टक्क्यांनी चढतं आणि आंब्याची गोडी नाहीशी होते. मागे उरतो नुसता पिवळा गढूळपणा. जिभेला आंबा म्हणजे गोड अशी सवय झालेली, त्यामुळे गोडी गेली की आंबाही गेल्यासारखा वाटतो.

वासाची कथा आणखी वेगळी. हापूसच्या वासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच संशोधन झालं आहे. त्या वासात ओसिमीनसारखी टर्पीनं असतात आणि फळ पिकताना लॅक्टोन व फ्युरॅनोन या कुळांतली द्रव्यं भर घालतात. टर्पीनं उडून जायला उतावळी. बिअर जोरात फसफसत असते तेव्हा बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइड त्यांना सोबत घेऊन जातो. खोलीत आंब्याचा घमघमाट सुटतो तो याच गळतीचा. म्हणून जाणकार रस सुरुवातीला घालत नाहीत. पहिली फसफस ओसरली की घालतात आणि जोडीला सिट्रासारखे हॉप्स वापरतात. हॉप्सच्या तेलातही टर्पीनंच भरलेली असतात आणि सिट्राचा वास मुळातच आंब्याकडे झुकणारा आहे. आंब्याच्या बिअरमध्ये ‘काय हापूस आहे’ म्हणून जी वाहवा होते, तिच्यातला बराच वाटा हॉप्सचा असतो, हे रत्नागिरीकरांना रुचणार नाही.

एक चूक जिवावर बेतू शकते. रस घालून लगेच बाटल्या भरल्या, तर यीस्ट बंद बाटलीतच साखर खात राहतं, दाब चढत जातो आणि काच फुटते. रसातली साखर संपून घनतामापकाचा आकडा काही दिवस जागचा हलला नाही, की मगच बूच लावायचं.

काजूच्या बोंडाचा रस आंबतो उत्तम. गोव्याचं उर्राक आणि फेणी त्यावरच चालते. पण त्यातलं टॅनिन घसा धरतं आणि बिअरमध्ये ते लपत नाही. नारळाची अडचण फेसाची. दुधातली चरबी बिअरचा फेस पाहता पाहता बसवते, त्यामुळे सोलकढीची बिअर ही कल्पना कागदावरच छान. हवाईतली माउई ब्रुअिंग कंपनी भाजलेल्या खोबऱ्याची काळी पोर्टर करते. भाजल्या खोबऱ्याचा वास आणि भाजक्या माल्टचा वास एकाच जातीचे, म्हणून ती जोडी जुळते.

कोकणाची खरी चीज कदाचित फळांत नसून कणगीत असेल. तांदूळ बिअरमध्ये घालायचा तर आधी शिजवावा लागतो, नाहीतर माल्टमधली एन्झाइम्स त्यातल्या स्टार्चपर्यंत पोचत नाहीत. परदेशी दुकानांत यासाठी ‘फ्लेक्ड राइस’ पाकिटातून मिळतो. आपण त्याला पोहे म्हणतो! भिजवून, भाजून, चेपलेला दाणा थेट गरम पाण्यात माल्टबरोबर पडतो आणि विरघळतो. नाचणीला कष्ट जास्त. मोड आणून वाळवलेली नाचणी, जिचं सत्त्व तान्ह्या बाळांना देतात, स्वतः स्टार्च फोडू शकते. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडचं तोंगबा हे पेय याच धान्यातून होतं. मात्र दाणा बारीक असल्यामुळे गाळताना चोथा घट्ट बसतो आणि पाणी खाली उतरत नाही. त्यात भाताचं तूस मिसळलं की वाट मोकळी होते.

उरला उकाडा. एल प्रकारचं नेहमीचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खुशीत असतं, तिशीच्या वर ते बिअरला रंगाच्या थिनरसारखा उग्र वास आणतं. रत्नागिरीच्या हवेत म्हणजे फ्रीजशिवाय काम नाही, असं वाटेल. पण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट ३५ अंशांच्या पुढेही बिघडत नाही आणि दोन-तीन दिवसांत काम उरकतं. तिथले लोक ते लाकडाच्या कड्यांवर सुकवून पुढच्या खेपेपर्यंत ठेवत. आता ते पाकिटात येतं, आणि मे महिन्यातली दुपार त्याला मानवते.