हिरण्यकेशीचे कुंड

मालवणची मुले आजोबांसमवेत घाट चढून आंबोलीस जातात, ती धबधब्याच्या ओढीने. परंतु आजोबांनी त्यांना आधी हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी न्यावे. तेथे देवळाजवळील कुंडात एक इवलासा मासा राहतो. बांगडे-सुरमई पाहिलेल्या मुलांना त्याचे काय कौतुक! पण शास्त्रज्ञांना तो नवाच होता. २०२० साली त्यांनी नदीवरूनच त्याचे नाव ठेविले : शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने हे स्थळ जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले.

एखादी नात माशांसाठी मूठभर कुरमुरे पाण्यात टाकू लागते, तेव्हा आजोबा तिचा हात धरतात. उरलेले अन्न पाण्यात कुजते, त्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. नात मूठ मिटून घेते आणि वाकून कुंडात पाहत राहते.