गोळ्यांविना आटोक्यात राहिलेला एचआयव्ही

व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीच्या प्रमाणाच्या अहवालावर विषाणू ‘आढळला नाही’ असे आले की घरात पहिला प्रश्न निघतो, आता गोळ्या बंद करायच्या का? भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या एखाद्या बाईला तर तो हमखास पडावा. ऐन धानाच्या रोवणीत मजुरी बुडवून गोळ्यांसाठी तुमसर, भंडारा गाठणे सोपे नाही.

एकही गोळी न घेता ज्यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, अशी माणसे खरोखर आहेत. बाधितांमध्ये शंभरात एकाहूनही कमी. त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त दिसते. कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग यांना 1992 मध्ये लागण कळली. 2020 साली त्यांच्या दीड अब्ज पेशी तपासल्या, तर विषाणूची एकही धडधाकट प्रत मिळाली नाही. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एस्पेरांझा गावच्या एका स्त्रीबद्दल तसेच निष्कर्ष आले.

हे घडते कसे? एचआयव्ही आपली प्रत आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच घुसवतो. ती जागत्या जनुकांजवळ बसली तर नवे विषाणू तयार होऊ लागतात आणि पेशी ओळखू येते. अशा पेशींना प्रतिकारशक्तीच्या सीडी-8 पेशी हुडकून मारतात. एलिट कंट्रोलरच्या शरीरात हे काम इतके चोख चालते, की मागे उरतात त्या बहुधा डीएनएच्या निद्रिस्त भागातल्या प्रती. खडकावर सांडलेल्या धानासारख्या त्या रुजत नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत एक धागा एक्स गुणसूत्रावरच्या ‘टीएलआर-7’ जनुकाचा आहे. विषाणूची चाहूल लागताच त्यांच्या काही पेशी पुरुषांपेक्षा जास्त इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन सोडतात. सुरुवातीला विषाणू कमी राहण्यामागे हे एक कारण असावे. पण हीच सावधता पुढे महागात पडते. रक्तात विषाणू तेवढाच असला, तरी उपचाराविना स्त्रिया पुरुषांहून लवकर एड्सकडे झुकतात. स्त्रीचे शरीर आपोआप सुरक्षित आहे, असे मानणे म्हणूनच घातक.

पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेनेही औषधाविना दीर्घकाळ न खालावलेल्या भारतीय रुग्णांच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास केला आहे. लस आणि उपचारांच्या शोधाला अशा रुग्णांच्या रक्ताचा मोठा आधार आहे.

गोळ्या घेणाऱ्या बाईच्या अहवालावरचे ‘आढळला नाही’ मात्र गोळ्यांमुळे असते. त्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांत परततो. या गोळ्यांचा उपचार, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत आहे आणि 2017 च्या कायद्याने रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. शंका असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पण गोळी चुकवू नका.