स्टेंट, गोळी आणि अठ्ठाई
पर्युषण जवळ आले की अठ्ठाईचा संकल्प होतो आणि स्टेंट बसविलेले वडीलधारे रक्त पातळ ठेवणारी गोळी आठ दिवस बाजूला ठेवतात. छातीत दुखत नाही, मग गोळी कशाला? परंतु स्टेंटच्या धातूवर रक्तवाहिनीचे अस्तर सावकाश चढते. तोवर गोळी सुटल्यास तेथे अचानक गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. झटक्यानंतर बसविलेल्या स्टेंटसाठी ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी साधारणतः १२ महिने चालते. पुढे ॲस्पिरिन बहुधा आजन्म. दात काढण्यासाठीही ती परस्पर थांबवू नये. रिकाम्या पोटी ॲस्पिरिन जठराला बाधते, हेही खरे. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, आणि औषधाची मोकळीक कशी ठेवावी हे महाराजसाहेबांना. एकासण्यात गोळी जेवणानंतर घेता येते.