मोकळे केस, गुंता आणि जट

लांब केस टिकवायचे असतील तर ते वर बांधून ठेवावेत, हा सल्ला आजी-पणजीपासून चालत आलेला आहे आणि तो चुकीचाही नाही. अंबाड्यात गुंडाळलेल्या केसांची टोके आत दडलेली असतात. त्यांना वारा, ऊन आणि धूळ लागत नाही, खांद्याशी आणि खुर्चीच्या पाठीशी त्यांचे घर्षण होत नाही. मात्र अंबाडा अनेकींना मनापासून आवडत नाही. काहींना तो वयस्कर वाटतो, काहींना पिना टोचतात, आणि पुष्कळजणींचे डोके दुखते. ही शेवटची तक्रार नखऱ्याची म्हणून घरात उडवून लावली जाते. वस्तुतः ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जे. एन. ब्लाऊ यांनी २००४ मध्ये ९३ महिलांना यासंबंधी विचारले, तेव्हा ५० जणींनी केस मागे ओढून बांधल्याने डोके दुखल्याचे सांगितले होते. केसाला संवेदना नसते. पण ज्या त्वचेत तो रुतलेला असतो तिला असते. वर्षानुवर्षे केस ताणून बांधल्यास कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होतात, हेही त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहे. तेव्हा ज्यांना केस वर बांधायचे नाहीत त्यांनी ते कसे सांभाळावेत, हा प्रश्न रास्त ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) या प्रश्नाला काही खास कंगोरे आहेत. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा पश्चिमेस अकोल्याच्या घाटमाथ्यावर पावसात भिजतो, तर पूर्वेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत भागात तो पर्जन्यछायेत कोरडा पडलेला असतो. उन्हाळ्यातील धूळ, विहिरी-कूपनलिकांचे जड पाणी आणि दुचाकीवरचा रोजचा प्रवास, या तिन्ही गोष्टी मोकळ्या केसांच्या मुळावर येतात. शिवाय येथे केसांच्या गुंत्याला केवळ सौंदर्याचा नव्हे, तर श्रद्धेचाही संदर्भ आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी केसाची रचना समजून घ्यावी लागेल. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसाचे टोक पाच-सहा वर्षांचे जुने असते. तेवढे उन्हाळे, तेवढ्या दिवाळ्यांची अभ्यंगस्नाने आणि विंचरण्याच्या हजारो खेपा त्याने सोसलेल्या असतात. त्याच्यावर घराच्या कौलांसारखी एकावर एक बसलेली सूक्ष्म खवल्यांची आवरणे असतात आणि त्यांची उघडी बाजू टोकाकडे असते. घर्षणाने ही कौले उचकटतात, मग आतला तंतुमय गाभा उघडा पडतो आणि टोकाला फाटे फुटतात. फुटलेला फाटा कोणत्याही तेलाने वा मलमाने पुन्हा सांधत नाही. तो कापावाच लागतो. जाहिराती काहीही म्हणोत, मेलेल्या पेशींना दुरुस्तीची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून लांब केसांची निगा म्हणजे झीज लांबवणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

मोकळ्या केसांची झीज प्रामुख्याने गुंत्यातून होते. सरळ केसांचा गुंता कुरळ्या केसांपेक्षा अधिक होतो, असे सांगितले तर कुरळे केस असलेल्यांना ते पटणार नाही. पण फ्रान्समधील जॉं-बाप्तिस्त मासाँ यांनी केशकर्तनकारांकडून दिवसअखेरीस ग्राहकांच्या डोक्यातील गाठी मोजून घेतल्या, तेव्हा सरळ केसांत त्या जवळजवळ दुप्पट आढळल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील स्पष्टीकरण असे, की कुरळे केस एकमेकांना वारंवार भेटतात खरे, पण सरळ केस ज्या कोनातून एकमेकांना छेदतात तो गाठ बसायला अधिक अनुकूल असतो. कुरळ्या केसांतील गाठ सोडवणे अवघड, ही मात्र वेगळी बाब.

गाठ सोडवण्याचेही शास्त्र आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एकमेकांत पिळलेल्या दोन तंतूंवर प्रयोग करून दाखवले, की टोकापासून सुरुवात करून छोट्या-छोट्या फटकाऱ्यांनी वर सरकत गेल्यास पीळ मोकळ्या टोकातून बाहेर पडतो. मुळापासून एकदम खाली फणी ओढली तर तोच पीळ खाली घट्ट आवळला जातो. शाळेत जाणाऱ्या नातीला पुढ्यात बसवून, केसांचा शेपटा मधोमध मुठीत धरून आधी टोके विंचरणाऱ्या आजीला हे गणित ठाऊक नव्हते. पद्धत मात्र हीच होती. मुठीत धरल्याने मुळांना ओढ बसत नाही, हा तिचा आणखी एक फायदा. फणीचे दाते आधी रुंद असावेत, बारीक फणी नंतर.

ओले केस विंचरू नयेत, असे म्हणतात. पाण्याने केस फुगतो, त्याच्या आतील बंध सैल पडतात आणि तो ताणला जाऊन तुटतो. सरळ वा किंचित लाटा असलेल्या केसांना हा नियम लागू आहे. फार कुरळे केस मात्र कोरडे विंचरले तर जास्त तुटतात. ते ओलसर असताना, कंडिशनर लावून रुंद दात्यांनी सोडवणे बरे. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात केस दाबून टिपावेत. मऊ झालेल्या जुन्या सुताइतके चांगले कापड बाजारात विकत मिळत नाही.

तेलाबाबत घरोघरी मतभेद असतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्या-विंचरण्यात केसांतून निघून जाणारी प्रथिने केवळ खोबरेल तेलाने लक्षणीयरीत्या कमी झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही कंपनी स्वतःच खोबरेल तेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. परंतु त्यामागील कारण पटण्याजोगे आहे. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरतो, त्यामुळे धुताना केस पाणी पिऊन फुगण्याचे प्रमाण घटते. याचा व्यवहारी अर्थ असा, की तेल न्हाण्याआधी काही तास लावावे. तेल चोपडून मोकळे केस घेऊन मार्च-एप्रिलमध्ये नगरच्या रस्त्यावर निघणे म्हणजे धुळीला आमंत्रण. तेल आणि धूळ यांचा चिकटा गुंत्याला कसा हातभार लावतो, हे दुचाकीवरून सुपे किंवा राहुरी गाठणाऱ्या मुलींना सांगायला नको.

प्रवासातील उपाय या मुलींनीच शोधलेला आहे. डोके आणि चेहरा झाकणारा लांब सुती स्कार्फ हा आता नगर-पुणे पट्ट्यातील तरुणींचा जणू गणवेश झाला आहे. तो मुख्यतः उन्हासाठी बांधला जात असला तरी केसांनाही तो उपयोगी आहे, कारण सूर्यातील अतिनील किरण केसातील प्रथिने आणि रंगद्रव्य दोन्ही मोडतात. त्यात एक उणीव राहते. पाठीवर मोकळे सुटलेले टोकाकडचे केस, म्हणजे सर्वांत जुने आणि दुबळे, वाऱ्यावर फडफडत राहतात. ते मानेपाशी कापडी बंधाने सैल बांधून जाकिटाच्या किंवा कुर्त्याच्या आत सोडावेत, वर शिरस्त्राण घालावे, आणि पोहोचल्यावर पुन्हा मोकळे करावेत. यात डोक्यावर भार येत नाही. साध्या रबराने मात्र केस तुटतात. शाळेतील रिबिनी त्या मानाने कितीतरी सौम्य होत्या.

शेतात राबणाऱ्या स्त्रीचा डोक्यावरून घेतलेला पदर किंवा रुमालही याच जातीचा. त्याला मर्यादेचा आणि रिवाजाचा अर्थ चिकटलेला आहे, हे खरे. पण उसाच्या धारदार पाचटात किंवा बाजरीच्या धसकटांत वावरताना केसांना तोच एक आडोसा असतो.

पाण्याचा प्रश्न अधिक चिवट आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि प्रवरा खोऱ्यातील कालव्यांखालच्या ऊसपट्ट्यात काही ठिकाणी भूजलाची क्षारता वाढल्याचे अभ्यासही झालेले आहेत. अशा पाण्यात साबणाने केस धुतले तर साका धरतो. तो केसांवर बसून राहतो आणि केस काथ्यासारखे लागतात. शाम्पूने हा त्रास कमी होतो, संपत नाही. शिकेकाई आणि रिठ्यात फेस आणणारे सॅपोनिन असते. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्याने खवले मिटलेले राहतात, ही तिची जमेची बाजू. मात्र पूड नीट धुतली गेली नाही तर ती गुंत्यात अडकते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेवटचे एक-दोन तांबे गाळलेल्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेणे. संपूर्ण न्हाण्यासाठी तसे पाणी मिळणे दुष्काळी तालुक्यात अशक्य असते, दोन तांबे परवडतात.

रात्री मोकळे केस ठेवून झोपणे टाळावे. कुशी बदलताना उशीच्या अभ्र्यावर होणारे घर्षण दिवसभराच्या वाऱ्याइतकेच नुकसान करते. अंबाडा नकोसा असणाऱ्यांनाही सैल तीनपदरी वेणी सहसा चालते.

या साऱ्याला एक अपवाद आहे, आणि तो आवडीनिवडीचा नाही. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, पिठाच्या गिरणीचा पट्टा किंवा कारखान्यातील कोणताही फिरता दांडा जवळ असेल तेथे केस मोकळे नकोतच, आणि पाठीवर लोंबणारी वेणीही नको. डोक्याच्या त्वचेखाली सैल ऊतींचा एक थर असतो. केस यंत्रात गेले की त्या थरातून संपूर्ण टाळू भुवयांपासून मानेपर्यंत क्षणात उपटली जाते. १९९४ मध्ये पंजाबमधील एका नऊ वर्षांच्या मुलीची वेणी मळणीयंत्रात अडकून टाळूसह चेहराही निघाला होता. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अब्राहम थॉमस यांनी तो पुन्हा जोडला. जगात चेहरा असा पूर्ण जोडला जाण्याची ती पहिली घटना मानली जाते. असा अपघात झालाच तर आधी यंत्र बंद करावे, जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. निघालेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णासोबत न्यावी. बर्फ त्वचेला थेट लावू नये. सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठणे हाताशी असलेल्या तासांवर अवलंबून असते.

आता गुंत्याच्या दुसऱ्या टोकाकडे. दीर्घ आजार, बाळंतपण, मनाची उदासी किंवा नुसते कामाचे ओझे यामुळे काही दिवस फणी लागली नाही, की लांब केसांत मानेच्या वर एक गोळा तयार होतो. घाम, तेल आणि धूळ यांनी तो नमद्यासारखा घट्ट बसतो. वैद्यकात याला ‘प्लायका’ म्हणतात. आपल्याकडे त्याला जट म्हणतात, आणि नाव बदलताच त्या गुंत्याचा मालकही बदलतो. जट ‘आली’ असे म्हटले जाते, ती देवीची ठरते, तिला कात्री लावली तर घरावर कोप होईल अशी भीती घातली जाते. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागात अशा मुली यल्लम्माला सोडल्या जात. महाराष्ट्राने देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा २००५ मध्ये केला. तरी जटेची भीती सोडण्या-वाहण्याच्या प्रथेपेक्षा दूरवर पसरलेली आहे, आणि नगर जिल्ह्यातील खेडीही त्याला अपवाद नाहीत. डोक्यावरचा तो भार, मानदुखी, उवा, वास, आणि लोकांत मिसळणे टाळण्यातून येणारा एकाकीपणा बाईच्या वाट्याला येतो.

ही समजूत केवळ आपलीच आहे असे मात्र नाही. पोलंडमध्ये शतकानुशतके अशा गुंत्याला ‘कोल्टुन’ म्हणत, आणि तो कापला तर आजार अंगात शिरेल, दृष्टी जाईल असे मानत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्राकोचे प्राध्यापक योझेफ डीट्ल यांनी अशा रुग्णांची पाहणी करून हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, असे ठामपणे मांडले आणि ती समजूत हळूहळू ओसरली.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी केले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी राज्याच्या विविध भागांत शेकडो महिलांच्या जटा उतरवल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला, परंतु त्याच्या अनुसूचीत जटेचे नाव नाही. त्यामुळे येथे हत्यार एकच, समजावणे. कात्रीला काही मिनिटे लागतात. सासूची, नवऱ्याची आणि खुद्द त्या बाईची भीती जायला कित्येक भेटी लागतात. संमतीशिवाय जट कापणे उपयोगाचे नाही, कारण पुढे घरात जे काही वाईट घडेल त्याचे खापर त्या कात्रीवर फुटते.

गोळा ताजा असेल, बोटांनी चाचपल्यावर आत अजून सुटे केस लागत असतील, तर तो वाचवता येतो. भरपूर खोबरेल तेल किंवा कंडिशनर मुरवून, विणकामाच्या सुईने कडेचे पदर एकेक करून बाहेर काढावेत, पाण्याखाली चोळू नये. काम दोन-तीन दिवसांत विभागले तरी चालते. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर तिचे केस दिवसाआड विंचरून दोन सैल वेण्या घालणे पुरेसे असते. नमद्यासारखा घट्ट झालेला गोळा मात्र सुटत नाही. तो मुळाशी कापल्यावर टाळू कोमट पाण्याने धुवावी, उवांवर औषध लावावे आणि त्वचेवर जखमा असल्यास डॉक्टरांना दाखवावे. नवे केस वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर वाढतात; वेणी घालण्याइतके व्हायला दोनेक वर्षे लागतात.