न भरणारी टाकी

आमचं घर बांधलं तेव्हा गवंड्यानं अब्बांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "चाचा, अशी टाकी बांधून देतो, की नातवंडांच्या लग्नापर्यंत उपसायचं काम नाही." अब्बा खूश झाले. शेजाऱ्यांनाही त्यांनी तोच गवंडी सुचवला. संडासाची टाकी चांगली की वाईट, याची आमच्या गल्लीतली पारख एकच होती. न भरणारी टाकी, ती चांगली टाकी!

श्रोतेहो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती साफ चुकीची आहे. नीट बांधलेली टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पाण्यानं भरते आणि पुढं भरलेलीच राहते. टाकी भरतच नसेल, तर तिच्यातलं घाण पाणी जमिनीत झिरपतंय, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या टाकीचा तळ गवंड्यानं मोकळाच ठेवला होता. हे आम्हाला फार वर्षांनी कळलं. आणि आमचा आड तिथून दहा-बारा पावलांवर होता.

या टाकीचं काम समजायला सोपं आहे. तिला दोन कप्पे असतात. पहिला मोठा, दुसरा त्याच्या निम्मा. मैला आत आला, की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यात सरकतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ कुजवतात. त्यामुळे गाळ कमी होतो, पण संपत नाही. म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. उपसली नाही, तर गाळाचा थर चढत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि कच्ची घाणच बाहेर पडू लागते. संडासात ॲसिड आणि फिनेल सढळ हातानं ओतणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की त्यानं टाकीतले कामाचे जिवाणूच मरतात.

आणखी एक गोष्ट. टाकीतून बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं, तरी ते स्वच्छ नसतं. कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतू त्यात असू शकतात. ते पाणी शोषखड्ड्यात मुरवायचं असतं. आपण मात्र पाइप थेट नालीत सोडतो. नाली ओढ्याला मिळते, ओढा कयाधूला. हिंगोलीजवळून आणि नामदेवांच्या नरसीजवळून वाहणारी हीच आपली नदी.

आपल्या मातीचाही विचार करायला हवा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी आत घेत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. मुरमाच्या थरातून पाणी हळूहळू गाळून जातं, पण खडकाच्या भेगांतून ते न गाळताच धावतं. म्हणून शोषखड्डा नुसत्या काळ्या मातीत संपवू नये, मुरमापर्यंत न्यावा, पण खडकाच्या भेगेत उतरवू नये. आड किंवा बोअरपासून तो निदान ५० फूट दूर हवा. खडक भेगाळ असेल तर आणखी दूर. वजूचं पाणी असो की देवपूजेचं, ते एकाच जमिनीच्या पोटातून येतं.

आता मला जे सांगायचंय, ते सांगणं जड जातं. बहिणीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी आमची टाकी तुंबली. दोन माणसं बादल्या आणि दोर घेऊन आली. त्यांतला एक सदरा काढून आत उतरला आणि मी त्याला अडवलं नाही. नाकाला रुमाल लावून मी लांब उभा होतो. तो नशिबानं वर आला. आपण काय होऊ दिलं असतं, हे त्या दिवशी मला ठाऊकच नव्हतं.

मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं टाकी साफ करताना पाच जण गुदमरून मेले. एकाच कुटुंबातली माणसं. अशा घटना बहुतेक वेळा एकाच रीतीनं घडतात. पहिला आत कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला उतरतो, मग तिसरा. बंद टाकीत गाळ कुजून विषारी वायू साठतो. थोडा असेल, तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त झाला, की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता धोका नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. दुसरा मिथेन वायू, तो पेट घेतो. म्हणून काडी पेटवून आत पाहणं म्हणजे जिवाशी खेळच.

२०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. हा कायदा नगरपालिकेला लागू आहे, तसाच घरमालकालाही. अशा मृत्यूंची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पण पैशानं माणूस परत येत नाही.

मग करायचं काय? साताऱ्यातल्या वाईनं २०१८ पासून एक साधी गोष्ट सुरू केली. टाकी तुंबायची वाट न पाहता नगरपालिकेची गाडी पाळीपाळीनं घरोघरी जाते, तीन वर्षांत सगळं गाव पुरं करण्याच्या हिशेबानं. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही हीच वाट धरली. वर्गणी प्रत्येकाकडून थोडी, कररूपानं.

खेड्यात तर टाकीचीही गरज नाही. जाळीदार विटांचे दोन खड्डे पुरतात. एक भरला, की दुसरा सुरू करायचा. बंद केलेल्यातल्या मैल्याचं वर्ष-दोन वर्षांत मातीसारखं, वास नसलेलं खत होतं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी मात्र त्यात सोडू नये. त्याला वेगळा शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी असे शोषखड्डे केले. नाल्या कोरड्या झाल्या आणि डासांना जागा उरली नाही.

तुम्ही नवं घर बांधत असाल, तर गवंड्याला तीन गोष्टी विचारा. तळ पक्का आहे ना? कप्पे दोन आहेत ना? पाणी कुठं सोडणार? घर जुनं असेल, तर टाकी शेवटची कधी उपसली ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर गाडी बोलवा. झाकण उघडायला सोपं ठेवा, त्यावर फरशी बसवून टाकू नका. आणि कोणी सदरा काढून आत उतरायला निघालाच, तर त्याचा हात धरा. मी धरायला हवा होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)