गळाची काठी : कोणत्या माशास कोणती?

बावड्याजवळून वाहणारी नीरा पुढे नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. शेतीच्या कामांतून सवड मिळताच गळ घेऊन बसणारे या काठावर पुष्कळ आहेत. परंतु एकच काठी, एकच गळ व एकच गांडूळ घेऊन सर्व जातींचे मासे धरू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा तुटलेला तंगूसच उरतो.

गळाची निवड माशाच्या तोंडावरून व चरण्याच्या जागेवरून करावी. कटल्याचे तोंड वर वळलेले असून तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. त्याचे आमिष बोयाखाली थोडेच खोल सोडावे. रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. मृगळासाठी दोरास शिसे बांधून आमिष तळावर टेकवावे. कणीक व पेंड मळून केलेला गोळा तिघांनाही चालतो. यांचे ओठ मऊ असल्याने ताठ काठीच्या हिसक्याने ते फाटतात व मासा सुटतो. म्हणून काठीचा शेंडा लवचिक असावा आणि मोठा मासा ओढू लागताच दोर सोडता यावा, यासाठी तिला रीळ असावे.

मरळीचे तंत्र याच्या उलट आहे. पाणवनस्पतींत दडून बेडूक व लहान मासे खाणारी ही जात गळ लागताच गवतात घुसते. तेथे दोर सोडणे म्हणजे मासा गमावणेच होय. काठी ताठ व तंगूस जाड हवा. कोकण किनाऱ्यावर सुरमईच्या तीक्ष्ण दातांसाठी गळाजवळ तारेचा तुकडा जोडतात, तितकी खबरदारी मात्र येथे लागत नाही.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसल्यास तो मरळीचा समजावा. पिलांची राखण करणारे नर-मादी जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर झडप घालतात, त्यामुळे ते सहज गळास लागतात. पण ते गेले की थवा इतर माशांच्या पोटात जातो आणि पुढील वर्षांची मरळ तेथेच संपते. ग्रामसेवकांनी ही गोष्ट काठावरील मंडळींस प्रत्यक्ष थवा दाखवून समजावून सांगावी.

चिलापीस असा निर्बंध नको. ही परदेशी जात वर्षातून अनेकदा वीण घालते. तिला साधी बांबूची काठी, बारीक गळ व गांडूळ पुरे. रिळाची गरज नाही. मासा गळावरून सोडविताना तेवढे पाठीवरचे काटे मागे दाबून धरावेत.