पद्मदुर्ग: दगड झिजला, चुना टिकला

मुरूडला गेलेला प्रत्येक जण जंजिरा बघतो. समोरच्या कासा बेटावरच्या पद्मदुर्गाकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला हा जलदुर्ग. त्याला रसद पोचवण्यात हयगय झाली, म्हणून १६७५ मध्ये महाराजांनी सुभेदार जिवाजी विनायक यांना खरमरीत पत्र धाडलं होतं. इतका हा किल्ला त्यांच्या जिवाचा!

लहानपणी काकांबरोबर होडीतून गेलो, तेव्हा पडकोटाच्या तटाला हात लावून पाहिला होता. खाऱ्या वाऱ्याने दगड आत आत झिजलेत, पण त्यांच्यामधला चुना तसाच टणक! सगळी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. वर कमळाच्या पाकळ्या कोरल्यासारखा बुरूज, आणि खाली गवतात लोळणाऱ्या तोफा. त्या तोफा बघून तेव्हाही पोटात तुटलं होतं.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, खांदेरी आणि सुवर्णदुर्गसुद्धा. पद्मदुर्ग त्यात नाही. यादीचं पुढे बघू. आधी तोफांना गाडे मिळावेत, तटात घुसलेली झाडं मुळासकट निघावीत आणि डागडुजी चुन्यातच व्हावी. सिमेंट नको! शिवाय होडीतून नीट उतरता येईल असा धक्का हवा.